बाई म्हणायचो आपण

दैवशालाच्या हातातली पाचवी गुंडाळी अर्धी उलगडली होती तेवढ्यात फोन वाजला. उजव्या कानातल्या इअरफोनमध्ये एका निवृत्त न्यायाधीशांच्या आत्मचरित्रातलं बालपण चाललं होतं. गणिताच्या मास्तरांनी छडी उचलली होती, ती तशीच वर राहिली. मंठ्याहून अक्काचा, थोरल्या बहिणीचा, फोन होता. जेवलीस का, गुडघा कसा आहे, असलं काहीच न विचारता अक्का म्हणाली, "दैवा, आपण तिला आई कधी म्हणलो गं?"

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? आपल्या बाईला. तू त्या भाषणात आई आई करून राह्यली. शीतलनं मोबाइलवर लावून दिलं मला. आधी वाटलं दुसऱ्याच कुणाची तरी आई हाय. मंग आवाज वळखला तुझा. अगं, बाई म्हणायचो आपण तिला. आई म्हणायला आपण काय शहरातले होतो? आन कापूस कुठला काढलास? दोन खणाच्या घरात माणसं मावत न्हवती, कापूस कुठं भरतीस? आपला कापूस रानातूनच गाडीत बसायचा, घराकडं बिलकुल बघायचा न्हाई. आन बाई ढिगावर चढती? तिला उंबरा चढताना धाप लागायची." एवढं एका दमात बोलून अक्का थांबली, आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "बोललीस मात्र चांगलं. ठेवते, दूध वर येऊन राह्यलं."

फोन बंद झाल्याबरोबर छडी न्यायाधीशांच्या तळहातावर पडली. दैवशालाने इअरफोन काढून ॲप्रनच्या खिशात टाकला. समोर ओल्या कागदावर पन्नास सरक्या ओळीने पडल्या होत्या, चार दिवसांत फुटलेल्या. बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायच्या या खोलीत तिला अकरा वर्षं झाली होती. ओल्या कागदात बी मांडायचं, कागदाची गुंडाळी करायची, उबदार कपाटात उभी करायची आणि दिवस भरले की उलगडून बघायची. मूळ सरळ, दांडा सरळ, दोन्ही पानं शाबूत, तर ते नॉर्मल. मूळ खुंटलेलं, मान मुरगळलेली, तर ॲबनॉर्मल. बोटाने दाबलं की पचकन फुटतं ते मेलेलं. आणि एखादं कडक, पाणीच न प्यायलेलं, जसंच्या तसं. त्याला मेलेलं म्हणता येत नाही आणि जिवंत म्हणायची हिंमत होत नाही. दैवशालाबाईंचा हात बराबर आहे, असं साहेब बाहेरच्या पाहुण्यांना सांगायचे. त्या दुपारी तिने पाचवी गुंडाळी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. शेवटी डोळे मिटून ती स्टुलावर बसून राहिली. अंगात एक गरम लाट येऊन गेली, हल्ली येते तशी, मानेपासून कपाळापर्यंत. पण ही लाट नेहमीची होती की फोनची, ते तिला कळलं नाही.

मागच्या रविवारी वाचनालयात बायकांचा कार्यक्रम होता. ग्रंथपाल वंदनाने सगळ्यांना बजावलं होतं, प्रत्येकीने आपल्या आईची एक आठवण सांगायची, सात मिनिटं, रडायचं नाही, रडलं तरी वेळ वाढवून मिळणार नाही. बायका आल्या, कुणी आईच्या हातच्या शेवया सांगितल्या, कुणी आईने विकलेल्या पाटल्या. दैवशाला सहावी उठली आणि तिने कापूस सांगितला. दुपारची वेळ होती, घर कापसाने आढ्यापर्यंत भरलेलं होतं. वडील बाहेर गेलेले. आईने लुगड्याचा काठ वर खोचला आणि ती त्या ढिगावर चढली, सरसर, एखाद्या पोरीसारखी, आणि वरून हात देऊन तिने दैवशालाला ओढून घेतलं. दोघी कंबरेपर्यंत आत गेल्या. आई हसायला लागली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दैवशाला म्हणाली, आई, अजून एकदा. तेवढ्यात अंगणात वडिलांच्या वहाणा वाजल्या, आणि आईने ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, सांगू नकोस हं कुणाला. एवढं बोलून दैवशाला खाली बसली. वंदनाने ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते जालन्यात फिरलं आणि दुसऱ्या दिवशी मंठ्याला पोचलं.

सांगू नकोस हं. अक्काने त्या 'हं'चं काही विचारलं नव्हतं, पण आता दैवशालालाच तो ऐकू यायला लागला. माहेरी, केदारखेड्यात, त्यांच्या घरात 'हं' म्हणणारं कोण होतं? बाई म्हणाली असती, कुणाला बोलू नको. किंवा नुसते डोळे मोठे केले असते. ती गेली तेव्हा दैवशाला सात वर्षांची होती. फोटो नव्हता. ती गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी गावात फोटोवाला आला होता, वडिलांनी, रखमाजींनी, ज्यांना दोघी बहिणी दादा म्हणायच्या, उगाच त्याच्यापुढे अर्धा तास बसून गप्पा मारल्या होत्या असं अक्का सांगायची. दैवशालाकडे बाईचं एवढंच होतं: बाजेवरून येणारा खोकला, भिंतीकडे केलेली पाठ, पाठीवरचा लुगड्याचा पदर, आणि ती कापसाची आठवण. खोकला आणि पाठ ही काही आठवण म्हणून कुणाला सांगता येत नाही, ती कुठल्याही आजारी बाईची असते. तोंड असलेली, हसणारी बाई एकच होती, आणि ती कापसात होती. आयुष्यात फार थकवा आला की दैवशाला त्या ढिगावर जाऊन बसायची. पहिलं बाळ गेलं तेव्हा बसली होती. नवऱ्याच्या, रामप्रसादच्या, पाठीवर गिरणीत लोखंड पडलं आणि तो सहा महिने पालथा झोपून होता, तेव्हाही. आता त्या ढिगाखालून कुणीतरी विचारत होतं की बाई, हा माल कुणाचा?

आणि दैवशालाला मनातून माहीत होतं, माल कुणाचाही असू शकतो. पस्तीस वर्षं ती दुसऱ्यांच्या आयुष्यांवर जगली होती. सातवी शिकून सतराव्या वर्षी लग्न होऊन जालन्यात आली, भाड्याच्या खोलीत दुपारी रेडिओवर पुस्तक वाचून दाखवायचे, रोज पंधरा मिनिटं. कुणाच्या तरी आत्मचरित्रातला तो माणूस शाळेची फी भरायला चार कोस चालत निघाला होता आणि वेळ संपली. दैवशाला दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्यासोबत चालत राहिली. नंतर वाचनालयाचं कार्ड काढलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली ती खरं तर कठीण शब्द अडू नयेत म्हणून. कादंबऱ्या तिला फारशा मानवल्या नाहीत. कादंबरीत लेखकाच्या मनात आलं की माणूस मरतो, आत्मचरित्रात बिचाऱ्या लेखकालाच पुढचं माहीत नसतं. तिला आवडायचं ते बारीकसारीक. त्या दिवशी ताटात काय होतं. कुठल्या मावशीची जीभ तिखट होती. मधल्या चकचकीत पानांवरचे फोटो, त्यात कडेला अर्धवट कापलेली, नाव नसलेली एक बाई. मोठ्या माणसांच्या बायकांची आत्मचरित्रं तर ती पुरवून पुरवून वाचायची. त्या नवऱ्याचं कौतुक करता करता मधेच हात घसरून मीठ पडावं तसं एक वाक्य टाकून जातात. 'त्याविषयी मी लिहिणार नाही' असं कुणी लिहिलं की ती पुस्तक बंद करून त्या एका वाक्यावर दिवसभर स्वयंपाक करायची. आणि 'आज मागे वळून पाहताना' आलं की उठून चहा टाकायची, कारण पुढची चार पानं उपदेश असतो. डोळे मोजणीने शिणायला लागले तशी ती ऐकायला लागली. ऐकण्यात वेगळीच गंमत होती. वाचणाऱ्याने मधेच गिळलेला आवंढा ऐकू यायचा. कानाच्या आत कुणीतरी येऊन बसून, आजूबाजूच्या कुणाला कळू न देता, फक्त तुलाच सांगतो म्हणून सांगतंय असं वाटायचं. अशी सत्तर-ऐंशी बालपणं तिच्या आत राहायला आली होती. भाडं कुणी देत नव्हतं आणि सोडून कुणी जात नव्हतं.

घरी आल्यावर रामप्रसादने नेहमीसारखं विचारलं, "काय मॅडम, आज कुणाच्या घरी मुक्काम?"

"न्यायाधीशाच्या."

"जेवायला घातलं का न्हाई त्यानं? का आम्हीच टाकू खिचडी?"

तिने चप्पल काढली आणि तिथेच उंबऱ्याजवळ बसली. अक्काचा फोन सांगितला. रामप्रसादने पाठीमागे उशी सरकवली, विचार केला, आणि म्हणाला, "आता तू इषय काढलास म्हणून सांगतो. पहिल्यांदा सांगितलीस ना तू मला ही गोष्ट, तवा कापूस न्हवता."

"मग काय होतं?"

"कडबा. कडब्याची गंजी. चांगलं ध्यानात हाय माझ्या, मी म्हणलो होतो, कडबा टोचल की पायाला. मंग पुढच्या टायमाला तू कापूस केलास."

"मी केला?"

"मी तर न्हाई केला. बरं झालं केलास, कडब्यात कोण हसतं?" तो हसला, मग तिचं तोंड बघून थांबला. "अगं, एवढं काय. आठवण तुझी, कडबा कर, कापूस कर, कोण पकडायला येतंय?"

कोण येणार होतं. पण दैवशाला पुढचे कितीतरी दिवस स्वतःलाच पकडत राहिली. गुंडाळ्या उलगडता उलगडता ती आपल्या आठवणी उलगडून बघायची आणि कानात काही लावायची नाही. नदीच्या वाळूत खड्डा करून पाणी पिणं: हे तिचं, कारण तेव्हा दातात आलेली वाळूची कचकच तिला आजही कळते. दिव्याच्या उजेडात भिंतीवर हरिण करणारे काका: हे बहुतेक कुण्या नाटकवाल्याच्या आत्मचरित्रातले. शाळेत फाटक्या परकराला टाचणी, ती टोचणं: हे कुणाचं? परकर तिचा होता, टाचणी दुसऱ्या कुणाची तरी वाटायची. ती बोटाने दाबून बघायची, फुटतं का. मग ती कापसाकडे यायची आणि एक प्रयोग करायची. आई या शब्दाच्या जागी बाई घालायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. दुपार झाली. घर भरलेलं. बाईने काठ खोचला. इथपर्यंत नीट चालायचं. बाई ढिगाकडे वळायची आणि ढिगापाशी गेल्यावर ती बाई व्हायची, म्हणजे खरी बाई. तिला धाप लागायची, एक हात भिंतीवर टेकवून ती उभी राहायची, पाठ करून. वर चढायची नाही. दैवशाला रागाने आई म्हणायची, की लगेच ती दुसरी सरसर वर.

वाचनालयात तिने वंदनाला सरळ विचारलं नाही. लाज वाटली. नुसतं म्हणाली, एखादं पुस्तक आहे का गं, ज्यात आई आणि मुलगी कशाच्या तरी ढिगावर चढतात. वंदना म्हणाली, "काकू, आता तुम्ही पुस्तकाचं नाव विसरून ढीग लक्षात ठेवायला लागलात. तुम्हीच लिहा बाई आता एक, आमची शोधाशोध वाचेल." पण तिने दोन रविवार मागचं कपाट उघडून दिलं, जिथे पाठ फाटलेली, कुणी न मागणारी पुस्तकं होती. दैवशाला खाली फतकल मारून बसली आणि एकेकाचं बालपण काढून बघत गेली. जुने मित्र भेटावेत तशी माणसं भेटत होती आणि तिला कुणाशीच बोलावंसं वाटत नव्हतं. दुसऱ्या रविवारी पाच वाजायच्या सुमाराला ते सापडलं. कोकणातल्या कुण्या नर्सबाईंनी निवृत्तीनंतर स्वतः छापलेलं पातळ पुस्तक. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के चारच, त्यातले तीन दैवशालाच्या कार्डाचे. पान त्रेचाळीस. दुपारी घरात कुणी नसताना आई पेंढ्याच्या ढिगावर चढली. हात देऊन तिने मला वर ओढलं. आम्ही दोघी कंबरेपर्यंत आत गेलो. पडवीत वडिलांच्या वहाणा वाजल्या. सांगू नकोस हं कुणाला. पेंढा म्हणजे भाताचा. केदारखेड्यात भाताचा पेंढा कुणी जन्मात पाहिला नव्हता, म्हणून तिच्या डोक्याने आधी त्याचा कडबा केला असणार आणि मग, दया येऊन, कापूस. अकरा ओळी होत्या. समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका होता, तो तिचाच. आवडलं की ती असा ठिपका द्यायची. तिला रडू आलं नाही. गाडीत आपण खिडकीशी छान बसलेलो असावं, आणि कुणीतरी येऊन शांतपणे सांगावं की ही जागा राखीव आहे, आणि आपण उठून उभं राहावं, सामान गोळा करावं, तसं तिला झालं. एवढं मात्र वाटलं की कुणाला तरी सांगायला हवं की ही जागा माझी नव्हती. आणि सांगायचं तर एकाच माणसाला. त्या दोन खणांच्या घरात होतं असं जगात आता अक्का सोडून कुणी उरलं नव्हतं. अक्का, तू बराबर होतीस, एवढं म्हणायचं. आणि मग, जमलं तर मागायचं: तुझ्याकडे बाईचं काही आहे का, खरं, कसलंही, पाठ सोडून?

त्यानंतरच्या रविवारी ती पुस्तक पिशवीत घालून मंठ्याच्या बसमध्ये बसली. दोन तास खिडकीबाहेर सोयाबीन काढलेली मोकळी रानं आणि वेचणीला आलेली कपाशी, मैलोन्‌मैल पांढरी, आणि ती त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होती, कर्ज बुडवलेल्या माणसाने ओळखीचं दुकान टाळावं तसा. अक्काचं नाव पुष्पाबाई, पण दैवशालाला ते बसच्या पाटीवरच्या गावासारखं वाटायचं, स्वतः कधी न गेलेल्या. अक्का तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. बाई गेली तेव्हा अक्का पंधरा वर्षांची होती आणि तिने भाकऱ्या थापायला घेतल्या, आणि वर्षभराने तिचं लग्न झालं. दैवशालाने वाचलेल्या सगळ्या आत्मचरित्रांत मोठ्या बहिणीला साधारण एवढीच जागा मिळते, एक ओळ, दोन ओळी. मोठी बहीण लग्न होऊन गेली. पूर्णविराम, आणि मग लेखक शाळेत जातो.

अक्का ओसरीवर सुपात मूग निवडत बसली होती. शेजारच्या दुर्गाबाई भिंतीला टेकून पान खात होत्या. दैवशालाला बघितल्यावर अक्काने सूप बाजूला ठेवलं आणि दुर्गाबाईंना म्हणाली, "ही आली बघा. माझी धाकटी. भाषण करणारी."

दुर्गाबाई सरळ बसल्या. "अगं बया! कापसावाल्या बाईची पोरगी का? चांगलं सांगितलंस गं बाई. मी तर माझ्या सुनंला ऐकवलं, म्हणलं ऐक, सासवा पण कधी पोरी होत्या."

दैवशाला हसली. पिशवी मांडीवर घट्ट धरली. आतून शीतलने, अक्काच्या सुनेने, विचारलं, मावशी चहात साखर घेता का बंद केली, आणि ती काहीतरी म्हणाली. दुर्गाबाई उठून घरी जाईपर्यंत तिने वाट पाहिली. मग म्हणाली, "अक्का, तू फोनवर म्हणालीस ना, त्यादिवशी…"

"ते सोड. तुला एक सांगायचंच होतं. बरं झालं आलीस." अक्काने मुगातला खडा काढून अंगणात टाकला आणि परत सुपाकडे बघत बोलायला लागली. "मी रोज ऐकते ते. शीतल कटाळली, आता मलाच लावायला शिकवलं तिनं. ते हिरवं दाबायचं. पहिल्या दिवशी ऐकलं तवा लई राग आल्ता, खोटं बोलून राह्यली म्हणून फोन केल्ता तुला. दुसऱ्यांदा ऐकलं तवा वाटलं, एवढं बोलली, सात मिनिटं बोलली, आता माझं नाव घेईल, आता घेईल. आढ्यापर्यंत कापूस आला, बाई आली, दादाच्या वहाणा आल्या. मी काय आलेच न्हाई." ती हसली. "मी कुठं गेल्ते गं तवा? पाण्याला?"

"अक्का…"

"आसू दे. मी म्हणलं, पाण्याला गेली असंल. मीच तर आणायची पाणी." तिने सूप हलवलं, मूग एका बाजूला सरकले. "मंग ऐकत राह्यले. धा-बारा दिवस झाले आसतील. एक दिवस दुपारी हितंच बसले होते, आन मला एकदम सरकीचा वास आला. असा आला की मी इकडं तिकडं बघितलं, कुणाच्या घरी ढेप आली का. आन मला समदं आठवलं."

दैवशालाने विचारलं, "काय आठवलं?" आणि तिच्या लक्षात आलं की आपला आवाज हळू झाला आहे, कुणाच्या तरी कानाशी असावा तसा.

"कापूस भरला होता गं. एकच साल. भाव पडला होता म्हणून दादानं रानातून न्हेऊ दिला न्हाई. आपल्या न्हाई, काकाच्या घरात भरला होता, मागल्या खोलीत. बाई मला म्हणली, चल. मला म्हणली, तुला न्हाई. तू पाळण्यात होतीस. तू बोंबलून राह्यली होतीस, मी म्हणलं, बाई, ती रडती, तर म्हणली रडू दे जराशी, मरत न्हाई. आन चढली. तवा तिला दमा न्हवता गं, दैवा. तुला म्हाईत न्हाई, तू बघितलंच न्हाईस. तवा ती लई तरणी होती. दंडाला धरून वढलं मला. हितं." अक्काने पदर सारून आपला दंड दाखवला, सैल पडलेला, गोंदणाचे ठिपके पसरून निळा डाग झालेला दंड, आणि त्यावर दुसऱ्या हाताने जागा दाखवली. "एवढी ताकद होती तिच्या हातात. वळ उठला होता."

पिशवी मांडीवर होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक, त्रेचाळीसाव्या पानावर वाचनालयाची चिठ्ठी. काढून वाचून दाखवायला दोन मिनिटं लागली असती. अक्काला वाचता येत नव्हतं, पण ऐकता आता चांगलं येत होतं. अकरा ओळींत ती सगळं ओळखणार होती, पेंढा, वहाणा, बोट. दैवशाला अक्काच्या हातांकडे बघत राहिली. बाई गेल्यानंतर या हातांनी एक वर्ष तिची वेणी घातली होती, रोज सकाळी, चुलीच्या धुराच्या वासाची, इतकी घट्ट की डोळे वर ओढले जायचे, आणि त्या वर्षी हे हात स्वतः पंधरा वर्षांचे होते. त्यांना वर ओढून घेणारं कुणी होतं असं तिने कधी ऐकलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. तिला वाटलं होतं, अक्काकडे काहीतरी असेल, ते मागून आणू. आणि इथे अक्का, साठ वर्षांची, सूप मांडीवर घेऊन, एका परक्या नर्सबाईच्या आईच्या हाताचा वळ दंडावर दाखवत होती, आणि तिचं तोंड असं झालं होतं की दैवशालाने ते आधी कधी पाहिलं नव्हतं. कदाचित बाईचं असंच असेल. कदाचित नसेल. एवढं लांबून आता कोण सांगणार. तिने कधी कुणाचं आत्मचरित्र अर्ध्यावर थांबवलं नव्हतं, पुढे खोटं येणार हे स्वच्छ दिसत असतानाही.

"तूच सांगत व्हतीस ना, बाई हसली म्हणून?" अक्का म्हणाली. तिचा आवाज आता तितकासा पक्का नव्हता. "हसलीच की. मला पण आठवतं. खरं ना गं, दैवा?"

"मी पाळण्यात होते, अक्का," दैवशाला म्हणाली. तिने पिशवी मांडीवरून काढून पाठीमागे भिंतीशी ठेवली आणि सुपातले चार मूग हातात घेऊन खडा शोधल्यासारखं केलं. "मी उगं तुझं घेऊन माझं म्हणून सांगितलं. तू सांग. मंग काय झालं?"

अक्काने तिच्याकडे बघितलं. मग सूप खाली ठेवलं, दोन्ही पाय पसरले आणि रस्त्याकडे बघत, कुणी ऐकत नाही ना अशा आवाजात म्हणाली, "मंग काय. खाली उतरलो. बाईनं माझ्या केसातली रुई काढली एकेक करून. आन म्हणली, पुष्पे, हे दैवाला कधी सांगू नको, मोठी झाली तरी. रुसल ती."

आत कपबश्या वाजल्या.

"आन मी न्हाई सांगितलं," अक्का म्हणाली. "बघ, पन्नास वर्षं न्हाई सांगितलं."